कान वाजतात

सिग्नल लाल झाला तशी बायकोनं गाडी न्यूट्रलला टाकली, पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला, आणि नेमका तेव्हाच तो आवाज आला. बॉनेटखालून, जरा उजवीकडून. रिकाम्या डब्यात चार-दोन खिळे टाकून कुणी तो डबा हलकेच हलवावा, तसा. खर्र, मग थोडं थांबून टक, मग पुन्हा खर्र. त्याचा हात आपोआप डॅशबोर्डवर गेला. प्लास्टिकला कंप होता, पण तो नेहमीचाच. शेजारची बस घरघरत होती, मागे कुणीतरी विनाकारण हॉर्न दाबून धरला होता, आणि त्या सगळ्या गदारोळाखाली हा एवढासा आवाज अगदी सुटा ऐकू येत होता. सिग्नल सुटला, बायकोनं गिअर टाकला, गाडीनं वेग घेतला आणि आवाज बंद झाला.

“काय झालं?” ती म्हणाली.

“कुठे काय?”

“हात का ठेवलायस तिथे?”

त्यानं हात काढून घेतला. “काही नाही. धूळ आहे.”

धूळ नव्हती, पण त्याला तेवढंच सुचलं. आवाजाबद्दल पुन्हा अवाक्षर काढणार नाही, असा शब्द त्यानं दोन महिन्यांपूर्वी तिला दिला होता, आणि शब्द घेण्याइतपत छळ तिनं सोसलाही होता. गेल्या काही वर्षांत त्यानं घरातली एक वस्तू सोडली नव्हती. फ्रिजसाठी तीनदा माणूस आणला. तिसऱ्या वेळी त्या माणसानं फ्रिज न उघडताच सांगितलं, साहेब, हा ठणठणीत आहे, तुम्हाला गप्पा मारायच्या असतील तर तसं सांगा, मी बसतो. पंखा उतरवून पुन्हा चढवला. एका रविवारी सकाळी इमारतीच्या पाण्याच्या पंपाला कान लावून तो पाऊण तास उकिडवा बसला होता आणि येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते. दर वेळी काहीच निघालं नाही. बायको शाळेत भूगोल शिकवायची. तिला गोष्ट नकाशावर दाखवता यायला हवी. “कुठेय आवाज? बोट ठेवून दाखव,” ती म्हणायची, आणि त्याला बोट ठेवता यायचं नाही. शेवटी ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून निरनिराळे सूर ऐकवले आणि सांगितलं, कान लहान मुलासारखे आहेत ह्यांचे. घरी येताना बायको म्हणाली, “म्हणजे कानात काही नाही. नुसतेच वाजतात तुझे कान.” तिनं निकाल दिला आणि त्यानं तो मान्य केला. खरं सांगायचं तर त्या निकालानं त्याला बरं वाटलं होतं. इतकं बरं, की त्याचं त्यालाच जरा चमत्कारिक वाटलं.

तिनं त्याला ऑफिसपाशी सोडलं. “शनिवारच्या आत टायरमध्ये हवा भरून ठेव,” ती खिडकीतून म्हणाली. शनिवारी ती मुलीला होस्टेलवर पोचवायला निघणार होती. तीनशे किलोमीटर, मध्ये मोठा घाट. बॅगा, गादी, पुस्तकांची खोकी, टेबलफॅन असं सगळं गाडीत भरलं की दोघींपुरतीच जागा उरत होती, म्हणून तो घरीच राहणार होता. गाडी गर्दीत मिसळेपर्यंत तो फुटपाथवर उभा राहिला आणि आत गेला. लिफ्ट बसवणाऱ्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. कोणत्या इमारतीत कोणत्या दिवशी कोणी तपासणीला जायचं, ह्याची वेळापत्रकं तो करायचा. पूर्वी तो स्वतः फिरायचा; अकरा वर्षांपूर्वी त्यानं अर्ज करून टेबलाचं काम मागून घेतलं होतं. पाठीच्या दुखण्याचं कारण दिलं होतं. पाठ त्याची चांगली होती. आज मात्र कोणत्याही रकान्यात त्याचं लक्ष लागेना. चहाच्या कपाखालची बशी थरथरली तरी तो पेन खाली ठेवायचा. ऐकायचा. बशी गप्प व्हायची आणि त्याच्या कानात ते खिळे हलायला लागायचे.

संध्याकाळी बायको आणि मुलगी होस्टेलसाठी चादरी घ्यायला गेल्या तेव्हा तो किल्ली घेऊन इमारतीच्या तळघरात उतरला. तळघरात ओलसर सिमेंटचा आणि जुन्या ग्रीसचा वास होता. हा वास त्याच्या ओळखीचा होता. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं की असाच यायचा, वर बघितलं की अंधारात दोरखंड लोंबताना दिसायचे आणि फार वर कुठेतरी उजेडाची एक चीर. त्यानं तो विचार बाजूला सारला. गाडी चालू केली, दार उघडं ठेवून उतरला आणि बॉनेट वर केलं. इंजिन संथ फिरत होतं, आणि आवाज होता. थोडा वेळ लपायचा, यायचा. त्यानं बॅटरीच्या झाकणावर हात दाबून पाहिलं, पाण्याच्या नळ्या दाबल्या, मग आत हात घालून ॲक्सिलरेटरची तार ओढली. इंजिन जोरात फिरलं की आवाज नाहीसा. तार सोडली की परत. म्हणजे हे कानाचं नव्हतं. की होतं? त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज गेला. काढली, आवाज आला. पंपापाशी बसला होता तेव्हाही त्यानं असंच केलं होतं आणि तेव्हाही असंच झालं होतं. पलीकडून एक बाई पिशव्या घेऊन आल्या. त्यानं विचारलं, “तुम्हाला काही ऐकू येतंय का?” बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. “गाडी चालू आहे तुमची,” त्या म्हणाल्या आणि लगबगीनं लिफ्टकडे गेल्या.

बुधवारी ऑफिसातून अर्धी रजा काढून त्यानं गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे फरशी आरशासारखी होती आणि इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसानं त्याचं म्हणणं हातातल्या पाटीसारख्या स्क्रीनवर टिपून घेतलं. गाडी वर उचलली. त्या माणसानं खाली जाऊन रबराच्या हातोडीनं सायलेन्सरच्या नळीवर हलके ठोके मारले, आणि तिसऱ्या ठोक्याला खर्र झालं. “हे बघा सर,” तो म्हणाला. नळीची उष्णता अडवायला तिच्यावर एक पातळ पत्रा असतो. त्याचा एक बोल्ट गंजून तुटला होता. गाडी उभी असली की पत्रा थरथरायचा, वेग घेतला की दाबला जायचा. तिथे एक पट्टी आवळून बसवली. “आता ऐका.” तो ऐकत राहिला. खिळे गेले होते. त्याला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना तो शीळ घालत होता. कितीतरी वर्षांनी त्याच्या एका आवाजाला जागा सापडली होती. बायकोला सांगावं असं त्याला फार वाटलं, बोट ठेवून दाखवावं असंही वाटलं. पण शब्द आठवला, आणि नुसतं एवढंच म्हणाला, “गाडी दाखवून आणली. ठीक आहे.” “मी कुठे म्हटलं होतं बिघडलीय?” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी टायरमध्ये हवा भरायला म्हणून त्यानं तळघरात गाडी चालू केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. दोन दिवस गाडी जागची हलली नव्हती. इंजिन गार होतं. पत्र्याचा आवाज नव्हता. तो नव्हता म्हणूनच दुसरा ऐकू आला. हा खालचा होता, बोजड, घोगरा. कुणीतरी भिंतीपलीकडे लोखंडी साखळी फरशीवरून ओढत नेत आहे, मध्येच थांबून पुन्हा ओढत आहे, असा. त्यानं पाय जरा दाबला. गेला. सोडला. आला. पत्रा इतके दिवस वरून ओरडत होता आणि हा त्याच्याखाली गुपचूप चालू होता. त्यानं तिथूनच सर्व्हिस सेंटरला फोन लावला. इस्त्रीच्या शर्टाचा माणूस हसून म्हणाला, “सर, गार इंजिनला थोडाफार आवाज नॉर्मल असतो. आपण गाडी तपासून ओके दिलीय.” “नॉर्मल का?” “एकदम नॉर्मल, सर.” त्यानं ‘बरं’ म्हटलं. बरं म्हणताना आपला खांदा एका बाजूला झुकला हे त्याच्या लक्षात आलं. त्या दिवशीही त्याचा खांदा असाच झुकला होता, हातातल्या अवजारांच्या पिशवीच्या वजनानं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सहा मजली इमारत होती. त्या दिवशीची शेवटची. लिफ्टमन त्याच्याहून दोन-चार वर्षांनी लहान, नेहमी हसतमुख, खाकी शर्टाच्या खिशात कंगवा. चौथा आणि पाचवा मजला करून दोघं खाली येत होते, तेवढ्यात लिफ्टमन म्हणाला, “साहेब, थांबताना वरून काहीतरी वाजतंय. ऐकलंत?” त्यानं ऐकलं होतं. लिफ्ट थांबली की वर, मशीनच्या खोलीत, ब्रेकच्या जागी टक, आणि मागोमाग बारीकशी खर्र. त्याच्या कानांनी ते असं उचललं होतं जसं चिमटा काटा उचलतो. पण मशीनच्या खोलीची किल्ली पहारेकऱ्याकडे होती आणि पहारेकरी जेवायला गेला होता. तो येईस्तोवर तास मोडला असता, मग लिफ्ट बंद ठेवा म्हणून लिहून द्यावं लागलं असतं, मग व्यवस्थापकाशी हुज्जत. आणि साडेचारला मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता. सात वर्षांची होती ती. तिला स्टेजवर झाड व्हायचं होतं आणि दोन वाक्यं बोलायची होती. “नाही बुवा,” तो म्हणाला. लिफ्टमननं मुद्दाम पुन्हा वर नेली, थांबवली. टक, खर्र. “आत्ता?” लिफ्टमन त्याच्या तोंडाकडे बघत होता. तो म्हणाला, “काही नाही रे. कान वाजतायत तुझे.” लिफ्टमन हसला, जरा शरमला, आणि स्वतःच्या कानात करंगळी घालून त्यानं ती जोरजोरात हलवली. मग तपासणीच्या कागदावर त्यानं सही केली. साडेचारला तो शाळेत पोचला. मुलीनं दोन्ही वाक्यं बिनचूक म्हटली आणि त्यानं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रेकची पिन तुटली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. लिफ्टमननं आतल्या तिघांना वर चढवून बाहेर काढलं आणि स्वतः निघत असताना लिफ्ट हातभर खाली सरकली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. चौकशी झाली. पिनेच्या घडणीतच दोष होता, बाहेरून कळण्यासारखा नव्हता, असं निघालं. लिफ्टमनचा जबाब त्यानं वाचला होता. एकच ओळ त्याला पाठ होती: आदल्या दिवशी तपासणी झाली, सर्व व्यवस्थित होते. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. आणि मग काही महिन्यांनी फ्रिज वाजायला लागला. पंखा वाजायला लागला. जे वाजत नव्हतं तेही वाजू लागलं, आणि हळूहळू, कुठल्या वर्षी ते त्याला सांगता आलं नसतं, पण मनात एक विचार घर करून बसला: कोण जाणे, त्या दिवशीही काही वाजलंच नसेल. लिफ्टमननं म्हटलं म्हणून आपल्याला भास झाला असेल. आपल्या कानांचं काय खरं आहे? बायकोनं निकाल दिला तेव्हा बरं वाटलं होतं ते ह्यासाठी.

शुक्रवारचा अख्खा दिवस तो गप्प राहिला. जेवताना मुलगी होस्टेलच्या खोलीबद्दल बोलत होती, बायको तिला वस्तूंची यादी वाचून दाखवत होती, आणि तो मान हलवत होता. दोनदा त्यानं तोंड उघडलं. दोन्ही वेळा पाणी प्यायला.

शनिवारी सकाळी सगळं सामान गाडीत भरून झालं. बायको किल्ली घेऊन पुढे आली तेव्हा तो आधीच ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता.

“उतर,” ती हसत म्हणाली. “येणार आहेस की काय? डोक्यावर घेऊ का तुला?”

“गाडी न्यायची नाही.”

“का?”

तो म्हणाला, “आवाज येतोय.”

बायकोचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं सगळं निघून गेलं. “बुधवारी दाखवून आणलीस ना? ठीक आहे म्हणालास.”

“तो वेगळा होता. हा आतला आहे.”

“चालू कर.”

त्यानं चालू केली. पाऊण तासापूर्वीच सामानासाठी गाडी जिन्यापाशी आणताना इंजिन गरम झालं होतं. ते मांजरासारखं गुरगुरत राहिलं. तिघंही ऐकत होते. वरच्या नळातून पाणी ठिबकत होतं, तेवढं ऐकू आलं. “कुठेय?” बायको म्हणाली. मुलगी मागच्या दारापाशी उशी छातीशी धरून उभी होती. “बाबा, प्लीज,” ती म्हणाली. “आज नको ना.”

“बसनं जा,” तो म्हणाला. “मी पोचवतो स्टँडवर. रिक्षा आणतो. सामान मी मागाहून आणून देईन, दोन खेपा करीन. पण ही घाटात न्यायची नाही.”

“अरे पण का? काहीतरी कारण दे. मला ऐकू येत नाही, हिला येत नाही, त्या एवढ्या मोठ्या सेंटरवाल्यांना आलं नाही. तुझा तुला तरी भरवसा आहे का?”

“नाही,” तो म्हणाला. हे त्यानं सरळ सांगून टाकलं. “मला भरवसा नाही. पण मी उतरणार नाही.” आणि त्यानं किल्ली काढून मुठीत धरली आणि मूठ दोन मांड्यांच्या मध्ये दाबली, एखादं हट्टी पोर दाबतं तशी. बायको त्याच्याकडे बघत राहिली. अशा नजरेनं तिनं त्याच्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं. तिच्यात राग थोडा होता आणि भीती जास्त होती. मग ती मागे वळली आणि दोन बॅगा ओढून बाहेर काढायला लागली. तो मदतीला गेला तर म्हणाली, “हात लावू नकोस.” दोघी बसनं गेल्या. मुलीनं रिक्षातून हात हलवला नाही.

लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीत एक म्हातारा मिस्त्री होता. तरुणपणी पत्रे ठोकून ठोकून त्याचा एक कान पार गेला होता आणि दुसरा अर्धा. गिऱ्हाईकं त्याच्याशी ओरडून बोलायची आणि तो अगदी हळू उत्तर द्यायचा. त्याच्याकडे आवाजाची तक्रार घेऊन जाणं म्हणजे थट्टाच होती, पण ऑफिसातला ड्रायव्हर त्याच्यावाचून कुणाकडे जायचा नाही. त्याच दुपारी त्यानं गाडी तिथे नेली. मिस्त्रीनं आधी ऑइलची पट्टी काढून पाहिली, बोटांत ऑइल चोळलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. “कधी बदललं?” बदलायची वेळ कधीच टळून गेली होती. मग त्यानं इंजिन चालू ठेवून बाहेरून फिरणारा पट्टा पाहिला, बंद केलं, पट्टाच काढून टाकला आणि मिनिटभरासाठी पुन्हा चालू केलं. “बाहेरचं सगळं आता उभं आहे. तरी येतोय आवाज?” तो कान देऊन ऐकू लागला. येत होता, अगदी पुसट. “येतोय!” तो ओरडला. “मग आतला,” मिस्त्री हळूच म्हणाला. त्यानं हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनच्या पुढच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून डोळे मिटले. टोक बोटभर सरकवलं. पुन्हा बोटभर. एका जागी थांबला, आणि त्याच्या सुरकुतलेल्या तोंडावर दुखऱ्या दाताला जीभ लागल्यासारखं काहीतरी उमटून गेलं.

“तुम्हाला ऐकू येतं?” त्यानं विचारलं.

“कानानं नाही. हाडानं येतं. घ्या, तुम्ही ऐका.”

त्यानं मूठ कानामागे टेकवली आणि दचकून काढली. साखळी त्याच्या कवटीच्या आत ओढली जात होती.

“टायमिंगची चेन ढिली आहे,” मिस्त्री म्हणाला. “तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या जोरावर चालतो. ऑइल असलं घाण, जोर कुठून येणार? वेग दिला की जरा ताणतो, उभी राहिली की सोडतो. किती दिवस येतोय आवाज?”

“सोमवारपासून.”

“सोमवारपासून ऐकताय,” मिस्त्री म्हणाला, “आणि आज आलात?”

मंगळवारी दुपारी मिस्त्रीचा निरोप आल्यावर तो गेला तेव्हा इंजिनचं झाकण उघडं होतं. चेन जिच्यावरून सरकते ती प्लास्टिकची पट्टी तुटून तिचे तीन तुकडे झाले होते. एक अडकून होता, दोन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडले होते आणि त्यातला एक जाळीच्या तोंडाशी जाऊन बसला होता. झाकणाच्या आतून चेननं खरवडून ताजा, चकचकीत चर पाडला होता. “चार-सहा दाते सुटले असते, खेळ खलास,” मिस्त्री म्हणाला. “घाटात गेली असती तर?” “उतारावर इंजिन बंद. ब्रेक दगड, स्टिअरिंग दगड. मग ज्याचं त्याचं नशीब.” मिस्त्रीनं जाळीशी बसलेला तो करपलेल्या रंगाचा तुकडा कापडानं पुसून त्याच्या तळहातावर ठेवला. नवी चेन, नव्या पट्ट्या, नवा टेन्शनर, चेंबर धुऊन नवं ऑइल. संध्याकाळपर्यंत गाडी तयार झाली. मिस्त्रीनं चालू करून हाडाला स्क्रूड्रायव्हर लावला आणि मान हलवली. त्यानं पुढे होऊन ऐकलं. एकसारखी, गोल घरघर. कुठेही काही नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तो बॉनेटची कड धरून उभा राहिला, कारण त्याच्या कानांनी खरं ऐकलं होतं. कान खरे होते. परवाही, आणि म्हणजे तेव्हाही.

घरी त्यानं तो तुकडा टेबलावर, बायकोच्या तपासायच्या वह्यांशेजारी ठेवला. रविवारी परतल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. हे काय, असं तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, बोट ठेवून. ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. तिचा हात गळ्याशी गेला.

“चुकले मी,” ती म्हणाली. “देवा रे. ती होती माझ्या शेजारी बसणार.”

“तसं म्हणू नकोस.”

“का नको? मी वेड्यात काढलं तुला.”

“तसं म्हणू नकोस ना,” तो म्हणाला, आणि मग उभ्याउभ्यानंच त्यानं तिला लिफ्टचं सांगितलं. कंगव्यासकट, पहारेकऱ्याच्या जेवणासकट, दोन्ही वेळच्या टक-खर्रसकट. झाड झालेल्या मुलीचंही सांगितलं. बायकोनं मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर तिनं पेनाचं टोपण लावलं.

“त्याला माहीत आहे?”

“काय?”

“तुला ऐकू आलं होतं, हे.”

“नाही.”

“मग मला काय सांगतोयस?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. वर्गात चुकीच्या मुलाला प्रश्न गेला की ती म्हणत असेल, तशी म्हणाली.

लिफ्टमन कुठे राहतो ते त्याला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं. त्या रस्त्यानं जाऊ नये म्हणून तो बस बदलून जायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर, ऊन कलत असताना, तो गाडी घेऊन गेला. बैठ्या खोल्यांची रांग होती. शेवटच्या दाराशी त्यानं कडी वाजवली. आत कुणीतरी काहीतरी विचारलं, कुणीतरी उत्तर दिलं, आणि मग एका बाईनं दार उघडलं. लिफ्टमन पलंगावर बसला होता. केस विरळ झाले होते, चेहरा जड झाला होता. त्यानं लगेच ओळखलं. “साहेब,” तो म्हणाला आणि सवयीनं उठायला गेला, मग राहिला. बाईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला. तो खुर्चीच्या कडेवर बसला, ग्लास दोन्ही हातांत धरून, आणि इकडचं तिकडचं काही बोलायला गेला तर बोलताच येणार नाही असं वाटून त्यानं एकदम म्हटलं:

“त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. वरून वाजत होतं ते. दोन्ही वेळा. मी खोटं बोललो.”

लिफ्टमन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, त्या दिवशी बघत होता तसाच.

“परत सांगा,” तो म्हणाला.

त्यानं पुन्हा सांगितलं.

“म्हणजे वाजत होतं.”

“हो.”

“मी दोनदा कान तपासून घेतले,” लिफ्टमन सावकाश म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, काही नाही. म्हटलं, कान ठीक आहेत तर डोक्यातच काहीतरी असणार. साहेबांसारख्या माणसाला ऐकू आलं नाही, म्हणजे नसणारच. तसंच सांगितलं मी चौकशीत.” त्यानं बाईंकडे मान वळवली. “पोरगी लहान होती तेव्हा रडायची, तर मी हिला विचारायचो, रडतेय ना गं ती खरंच? दारावर कुणी आलं तरी आधी हिला विचारतो. आत्ता तुम्ही कडी वाजवलीत तेव्हाही विचारलं.”

तो खुर्चीत बसून होता. बोलण्यासारखं त्यानं बरंच काही जमवून आणलं होतं; गाडीत येताना दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. ते आता कुठे होतं कोण जाणे. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्याच्याकडे न बघता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“पाणी प्या,” लिफ्टमन म्हणाला, “आणि जा आता.”

“तुम्ही म्हणाल तिथे मी हे लिहून—”

“प्या आणि जा.”

त्यानं ग्लास रिकामा केला, खाली ठेवला आणि उठला. बाईंनी त्याच्या मागे दार लावून घेतलं. तो पायरीवर चपला शोधत उभा राहिला. त्या समोरच होत्या, पण पाय आत जाईना. दाराआडून लिफ्टमनचा आवाज येत होता. “ऐकलंस ना तू? काय म्हणाले ते, ऐकलंस?” बाई म्हणाल्या, हो, ऐकलं. मग पुन्हा तोच आवाज, जरा खालच्या पट्टीत, “म्हणाले ना ते तसं? नक्की ऐकलंस ना गं?”